मनुका भिजवायचा रविवार

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार.
निफाडचा पारा नऊवर, असं पेपरात;
शरणपुरात तो कुणी मोजत नाही,
बाटलीत खोबरेल थिजलं की स्वेटर काढायचे.

उपासना सुटली, आणि चपला घालता घालताच
मार्थामावशी उबाळेनं विचारलं : पातेलं कुणाकडंय?
दरवर्षी तेच पातेलं,
दरवर्षी ते कुणाकडेच नसतं.
यंदा सापडलं साळव्यांच्या गच्चीवर,
आत कोंबडी अंड्यांवर बसलेली.
तिची समजूत काढण्यात अर्धा तास गेला.

आमच्या गल्लीत नाताळ सुरू होतो तो असा,
दारावर चांदणी लागायच्या कितीतरी आधी.

घराघरातून एकेक जिन्नस येतो.
पिंपळगावच्या शेडवर बेदाणा निवडणारी शेवंती
आणते काळी मनुका,
हिरव्या दाण्यांतून बाजूला काढलेली, डागी, भावात न बसणारी.
"व्यापाऱ्याला रंग लागतो," ती म्हणते, "आपल्याला चव."
रविवार कारंजावरून दालचिनी, लवंग, जायफळ.
संत्र्याच्या साली, ज्या मी वर्षभर पत्र्यावर वाळवल्या
आणि सासूबाईंनी वर्षभर कचरा म्हणून फेकल्या.
सुंठ. खजूर.
टुटीफ्रुटी, पोरांच्या हट्टापायी.

भिजवायचं कशात, यावर वाद.
पाळकसाहेब म्हणतात, द्राक्षाचा रस.
एलियाकाकांचा मुलगा दिंडोरीला वायनरीत आहे.
तोही द्राक्षाचाच रस आणतो,
फक्त थोडा जुना.
बूच उघडतं त्या वेळी पाळकसाहेब चष्मा पुसत असतात.

मग नियम : प्रत्येकानं एकदा डाव फिरवायचा,
आणि फिरवताना नाव घ्यायचं
यंदा जो इथं नाही त्याचं.
एलियाकाकांनी बायकोचं घेतलं, नेहमीसारखं, हळू.
शेवंतीनं भाडं बुडवून पळालेल्या भाडेकरूचं,
मोठ्यांदा, आडनावासकट.
कुणी मांजरीचं.
मार्थामावशीनं दोन नावं घेतली,
त्यातलं एक आम्ही कधी ऐकलं नव्हतं,
आणि विचारलंही नाही.

आमचा ओबेद म्हणाला, मी नाव कशाला घेऊ,
बाबांनाच बोलावतो.
मस्कतला व्हिडिओ कॉल लागला.
शिफ्टवरून नुकताच आलेला, बनियनवर,
पाठीमागे दुसऱ्याच कुणाची वाळत घातलेली लुंगी.
"दाखव रे, दाखव, अजून खाली धर,"
म्हणता म्हणता फोन निसटला
आणि माझा नवरा
पाच किलो मनुकांत बुडाला.

क्षणभर सगळे गप्प.
मग तळातून, दालचिनीच्याही खालून, त्याचा आवाज :
"हॅलो? हॅलो? अरे, सगळं काळं झालं.
लाइट गेली का तिकडं?"

मार्थामावशीनं त्याला डावानं वर काढलं,
पदराला पुसलं, बोट चाटलं,
म्हणाली, जायफळ कमी आहे.

हसून हसून शेवंती पायरीवर बसली.
मीही हसले.
नंतर हात धुवायला गेले ते
हात धुऊन झाल्यावरही नळ चालूच ठेवला.
चार नाताळ.

मेन रोडच्या दुरुस्तीवाल्यानं फोन उघडून पाहिला :
"ताई, यात मुंग्या कशा?"
स्पीकर बदलायला साडेसातशे.
राहू दे, म्हटलं.

तेवीस तारखेला इद्रिसचाचांच्या भट्टीतून केक येतील,
डब्यांवर खडूनं आडनावं.
त्यातला एक मी मेणकागदात बांधीन,
कुरिअरवाला खायचा माल घेत नाही हे ठाऊक असून.

तोवर रात्री दहाला फोन येतो.
जेवलीस का, तो विचारतो.
आवाज जरा दबलेला, जरा चिकट,
कानाला लवंगेचा वास,
बरणीत भिजत ठेवलेल्या
माणसासारखा.